वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, रात्रीचे दीड आणि तुमची झोप

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पिंपळे सौदागरला १४ वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचा स्वतःचा फ्लॅट. बरोबर वरच्या घरात ८ महिन्यांपासून चार मुलं भाड्याने राहतात, सगळी आयटीतली, रात्रपाळीची. रात्री दीड-दोनला खुर्च्या सरकवल्याचा आवाज, मधूनच काहीतरी धप्पकन आपटतं, शनिवारी गाणी आणि त्यातला तो ‘ढुम-ढुम’. घरात ७६ वर्षांच्या सासूबाई, त्यांना बीपीचा त्रास. वरच्या फ्लॅटचा मालक आखातात. सेक्रेटरी म्हणतात, ‘भाडेकरूंचं आम्ही काय करणार?’ तुमचे मिस्टर एकदा रात्री वर गेले, शब्दाने शब्द वाढला, आणि आता लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही. तुम्ही विचारलंय की सोसायटी त्यांना काढू शकते का, पोलिसांत जावं का, आणि आपल्या घरात काही करून घेता येईल का.

मी १९ वर्षं पुण्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्यांचं कामकाज बघते. हिशेब, नोंदवह्या, सभांची इतिवृत्तं हे माझं कागदावरचं काम. प्रत्यक्षात अर्धा वेळ भांडणं मिटवण्यात जातो. पार्किंग पहिलं, गळती दुसरी आणि आवाज तिसरा. गळतीत निदान भिंतीवर ओल दाखवता येते. आवाजाच्या तक्रारीत सकाळी दाखवायला काहीच उरत नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तुमची सगळी शक्ती आतापर्यंत त्या चार मुलांवर खर्च झाली आहे. ती मुलं वर्ष-दोन वर्षांत जाणार. सोसायटीच्या नोंदवहीत ज्याचं नाव आहे तो सभासद म्हणजे मालक, आणि त्याला तुमच्याकडून आजवर एक ओळसुद्धा गेलेली नाही. पण मालकाकडे जाण्याआधी दोन कामं आहेत.

पहिलं काम, आवाज कसला आहे ते ओळखणं. तुम्ही पत्रात तीन आवाज एकाच दमात लिहिलेत, पण ती तीन वेगळी प्रकरणं आहेत. गाण्यांचा आवाज हवेतून येतो, खिडक्यांतून, डक्टमधून, दारांच्या फटींतून. त्यातला ‘ढुम-ढुम’ म्हणजे खालच्या पट्टीचा ठोका भिंतीलाही जुमानत नाही, म्हणून गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत आणि ढोल मात्र उशीखाली वाजतो. खुर्ची आणि धप्प हे स्लॅबमधून येतात. आपल्याकडे दोन मजल्यांमधला स्लॅब साधारण पाच-सहा इंचांचा असतो, वर चकचकीत टाइल. त्यावर लोखंडी पायाची खुर्ची सरकली की अख्खा स्लॅब तबल्याच्या पुडीसारखा वाजतो. वरच्याला तो आवाज किरकोळ वाटतो, कारण त्याच्या खोलीत तो किरकोळच असतो. तो खोटं बोलत नसतो. हे लक्षात आलं तर निम्मा राग तिथेच उतरतो, निदान माझा तरी उतरायला शिकला.

आणि आवाज खरंच वरच्याच घरातून येतो का, याचीही खात्री करा. माझ्या एका सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ वर्षभर तक्रार करत होते की वरची पोरं रात्री गोट्या खेळतात. वरचं घर दिवाळीपासून कुलूपबंद होतं. प्लंबरने शोधल्यावर तो पाण्याच्या पाइपमधल्या दाबाचा ठोका निघाला. दुसऱ्या एका प्रकरणात पहाटेचा घरघराट वरच्या घरातल्या वॉशिंग मशीनचा समजून तीन पत्रं गेली, आणि मशीन होतं शेजारच्या विंगमधलं, कॉलमला टेकवून ठेवलेलं. आवाज सिमेंटमधून वाट काढत कुठेही निघतो. म्हणून एखाद्या रात्री आवाज सुरू असताना घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीला कान लावून बघा. कुठे सर्वांत मोठा येतो ते लिहून ठेवा.

लिहून ठेवणं हे दुसरं काम. साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, कसला आवाज, किती मिनिटं, घरात कोणाला काय त्रास झाला. दोन आठवडे. ‘रोज रात्री गोंधळ असतो’ या वाक्याला कमिटीत कोणी विचारत नाही. ‘१४ पैकी ९ रात्री, १२.४० ते २.१५ दरम्यान, खुर्ची सरकवण्याचा आवाज, सासूबाई ५ वेळा उठल्या’ असं लिहिलेलं पुढे ठेवलं की सेक्रेटरीसुद्धा चष्मा लावतो. कधीकधी वहीतून उलटंच निघतं. रोज वाटणारा त्रास आठवड्यातून दोनदाच असतो, आणि ते दोन दिवस म्हणजे त्यांच्या साफसफाईचे दिवस असतात. तसं निघालं तरी बरंच, मग मागणी नेमकी करता येते.

मोबाइलवर आवाज मोजण्याचं ॲप आहे, ते वापरायचं का असं बरेच जण विचारतात. वापरा, पण त्याला पुरावा समजू नका. फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो. त्याचा उपयोग तुलनेसाठी. आवाज नसताना तुमच्या बेडरूममध्ये आकडा किती, आणि गाणी सुरू असताना किती. साधारण १० डेसिबलनी आकडा वाढला की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे ‘फक्त दहाच तर वाढलाय’ असं कोणी म्हटलं तर गप्प बसू नका.

आता कायद्याचा तो भाग, जो सगळ्यांना अर्धाच माहीत असतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी जागेतल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये, असंही त्यात आहे. शनिवारच्या गाण्यांना हा नियम थेट लागू पडतो. खुर्चीला मात्र जवळजवळ नाही, कारण ५५ आणि ४५ हे ठरावीक काळातल्या सरासरी आवाजाचे आकडे आहेत. रात्री दोनला एक खुर्ची दोन सेकंद किंचाळली तर तुमची झोप गेली, पण सरासरी जागची हलत नाही. म्हणून खुर्चीसाठी डेसिबलच्या वाटेला जाऊ नका, तिथे हरायला होतं. खुर्चीची वाट बोलण्यातून आणि सोसायटीच्या उपविधींतून, म्हणजे तिच्या नियमावलीतून, जाते.

बोलायला जायचं तर वेळ कोणती? तुमचे मिस्टर रात्री गेले, ती वेळ चुकलीच. झोपमोड झालेला माणूस बोलत नाही, भांडतो. पण रविवारी सकाळी दहा हीसुद्धा चूक आहे. रात्रपाळीची मुलं पहाटे पाच-सहाला आडवी होतात, सकाळचे दहा ही त्यांची मध्यरात्र. त्या वेळी दार वाजवलंत तर त्यांच्या लेखी झोपमोड करणाऱ्या तुम्ही. संध्याकाळी साडेपाच-सहाला जा, कामाला बसण्याआधी. मिस्टरांना पाठवू नका, एकदा वाजलेलं आहे. तुम्ही जा, शक्य असेल तर सासूबाईंना घेऊन. त्यांनी काही बोलायची गरज नाही.

आणि हेही ऐकायची तयारी ठेवा की त्यांचीही तक्रार असेल. सकाळी सातचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, खलबत्त्यातलं दाण्याचं कूट. त्यांच्या झोपेच्या वेळेत तुमचं घर जागं होतं. कायदा रात्रीची बाजू घेतो, त्यामुळे तुमचं पारडं जड आहे हे खरं. पण ‘खलबत्ता मी गॅलरीत नेते, खाली जाड फडकं घालून’ असं तुम्ही आधी म्हणालात तर समोरच्याला खुर्चीबद्दल नकार द्यायला जड जातं.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पेढे न्या असं म्हणत नाही. हार्डवेअरच्या दुकानात खुर्च्या-टेबलांच्या पायांना चिकटवायच्या फेल्टच्या चकत्या मिळतात. एका घराला पुरतील एवढ्या शे-दोनशे रुपयांत येतात. त्या न्या. आणि एक प्रयोग करा, माझा सर्वांत खात्रीचा. त्यांच्यातल्या एकाला खाली तुमच्या घरी बोलवा, सासूबाईंच्या खोलीत बसवा, आणि वर दुसऱ्याला नेहमीसारखी खुर्ची सरकवायला सांगा. मी हे आजवर डझनभर घरांत केलं असेल. खाली बसलेल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. वाकडच्या एका इमारतीत ११ महिने पत्रव्यवहार, दोन वेळा पोलीस आणि एक वकिलाची नोटीस झालेलं प्रकरण या प्रयोगाने, एका जाड सतरंजीने आणि चकत्यांच्या पाकिटाने मिटलं. त्या मुलाला खरंच कल्पना नव्हती. चाकांची खुर्ची असेल तर चकत्यांचा उपयोग नाही, तिच्याखाली रबरी चटई लागते. धप्प आवाज व्यायामाच्या डंबेल्सचा असेल तर तिथेही तेच, जाड रबर.

हे करून पंधरा दिवसांत फरक पडला नाही, किंवा दारच उघडलं नाही, तर मालक.

आपल्याकडे आता बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर जातात, साधारण ११ महिन्यांच्या करारावर. रोजच्या बोलण्यात आपण भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ही मुलं परवानाधारक आहेत. जुन्या भाडेकरूला असतं तसं संरक्षण त्यांना नाही. मुदत संपली की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळवू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. बहुतेक करारांत शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्याचं कलम छापील असतं, आणि महिन्याच्या नोटिशीचंही. ही दोन कलमं म्हणजे मालकाच्या हातातला दोरा. तो ओढायचा की नाही हे तो ठरवणार, तुम्ही त्याला ओढायचं कारण द्यायचं.

त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ‘नोटरी केलीय’ हे पुरत नाही. नोंदणी नसेल तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नसली तरी ८ दिवस आधी कळवावं लागतं, आणि सोबत कराराची प्रत व पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत जोडावी लागते. सेक्रेटरीना एवढंच विचारा, ‘वरच्या फ्लॅटची, ४०२ ची, ही कागदपत्रं फाइलला आहेत का?’ बऱ्याचदा नसतात. नसतील तर मालकाला पत्र लिहिण्यासाठी सोसायटीकडे स्वतःचंच कारण आहे, तुमच्या तक्रारीशिवाय.

मालक आखातात आहे म्हणून पत्ता नाही, असं होत नाही. सभासद नोंदवहीत, ज्याला आम्ही आय रजिस्टर म्हणतो, त्यात त्याची नोंद असते. मेंटेनन्सची बिलं कुठल्यातरी ई-मेलवर जातच असतात. शिवाय परदेशी मालकाचा इथे कोणीतरी मुखत्यार असतो, भाऊ, मेहुणा किंवा वडील. त्या दोघांनाही पत्र जाऊ द्या, प्रत सेक्रेटरींना. पत्रात राग नको. साधारण असं:

‘आपल्या फ्लॅट क्र. ४०२ मध्ये राहणाऱ्या व्यक्तींकडून रात्री १० नंतर होणाऱ्या आवाजाबाबत कळवत आहे. दि. … ते दि. … या १४ दिवसांत ९ रात्री रात्री १२.३० नंतर फर्निचर सरकवण्याचा व २ शनिवारी रात्री १०.३० ते १ पर्यंत म्युझिक सिस्टिमचा आवाज झाला. नोंदींची प्रत जोडली आहे. आमच्या घरात ७६ वर्षांच्या रुग्ण व्यक्ती आहेत. दि. … रोजी राहणाऱ्यांशी समक्ष बोलणे झाले, खुर्च्यांना लावण्यासाठी पॅड दिले. फरक पडलेला नाही. सभासद म्हणून आपण त्यांना करारातील उपद्रवाच्या अटीची लेखी जाणीव द्यावी, आणि बेडरूम व हॉलमध्ये जाड सतरंजी किंवा मॅट टाकून घ्यावी, ही विनंती. १५ दिवसांत आपले उत्तर कळावे.’

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, ‘त्यांना काढा’ असं कुठेही नाही. मालकाला घर रिकामं ठेवणं म्हणजे दोन महिन्यांचं भाडं बुडणं आणि ब्रोकरला पुन्हा पैसे देणं. काढायची मागणी केलीत की तो भाडेकरूच्या बाजूचा होतो. सतरंजीची मागणी केलीत की तो तुमच्या बाजूने हिशेब करतो, कारण सतरंजी स्वस्त पडते. दुसरी गोष्ट, पत्रात तारखा आहेत. पुढे काहीही करायचं झालं तर इथूनच सुरुवात होते.

आता सोसायटी. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, सोसायटी भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही. करार मालकाचा आणि त्यांचा आहे. पण ‘आम्ही काय करणार’ हे सेक्रेटरींचं उत्तरही चूक आहे. उपविधींप्रमाणे कोणत्याही सभासदाने आपल्या घरात इतरांना उपद्रव किंवा गैरसोय होईल असं काही करायचं नाही आणि करू द्यायचं नाही. घर भाड्याने दिलं म्हणून सभासदाची ही जबाबदारी भाडेकरूच्या सामानाबरोबर वर चढत नाही, ती त्याच्याकडेच राहते. लेखी तक्रार आली की ती कमिटीच्या बैठकीत ठेवणं आणि निर्णय कळवणं हे कमिटीचं काम आहे. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. कागदावर लिहा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. ग्रुपवर तक्रार टाकली की तिची चर्चा होते, बैठकीत मात्र ती कुठेच येत नाही.

कमिटीने काय करू नये हे सांगणंही तितकंच गरजेचं आहे, कारण जोशात येऊन ते काहीही करतात. पाणी बंद करणं, लिफ्टचं कार्ड काढून घेणं, पाहुण्यांना गेटवर अडवणं, हे सगळं कमिटीच्याच अंगावर येतं. एका ठिकाणी उत्साही चेअरमननी व्हॉल्व्ह बंद केला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला तेच बसले होते, आणि मूळ आवाजाचा विषय कायमचा मागे पडला. मालक स्वतः राहत नाही, घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते वाढवून मालकाला चिमटा काढू, ही आणखी एक लाडकी कल्पना. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर थांबवलं आहे, दंड म्हणून ते वापरता येत नाही. ‘यापुढे बॅचलर नकोत’ असा ठराव करायलाही कोणीतरी उठतंच. आदर्श उपविधींनी सोसायटीला भाडेकरू निवडण्याचा अधिकार दिलेला नाही.

इथे जरा विषयांतर करते. एवढ्या वर्षांत माझ्याकडे आवाजाच्या ज्या लेखी तक्रारी आल्या, त्यातल्या बहुतेक भाड्याच्या घरांविरुद्ध होत्या. पण इमारतीत फिरताना मी ऐकते ते वेगळंच असतं. मालकांच्या घरातली मुलं हॉलमध्ये क्रिकेट खेळतात, मालकांच्याच घरी इंटीरियरवाल्यांचं ड्रिल महिनाभर चालतं. ते शेजारी गिळतात, कारण त्यांच्याशी उद्याही हळदीकुंकू आहे. भाडेकरूविरुद्ध लिहायला मात्र पेन लगेच सापडतं. आणि ‘ही बाहेरची पोरं’ हे वाक्य मी ज्यांच्याबद्दल ऐकलंय, त्यातली निम्मी पोरं बीड, लातूर, जळगावची होती. तुमच्या पत्रात असं काही नाही, म्हणून हे तुम्हाला उद्देशून नाही. पण कमिटीच्या बैठकीत कोणी हा सूर लावला तर तो तिथेच थांबवा. तक्रार आवाजाची आहे, ती माणसांच्या जातकुळीवर घसरली की मालकाला ती फेटाळायला सोपं जातं.

सोसायटीकडून एक काम मात्र करून घ्या, त्याचा फायदा पुढची दहा वर्षं होईल. सर्वसाधारण सभेत शांततेच्या वेळांचा ठराव. रात्री १० ते ६ कायद्यातच आहे, त्याला ड्रिल आणि तोडफोडीसाठी दुपारी २ ते ४ जोडा. आणि नवीन राहायला येणाऱ्या प्रत्येकाला, भाडेकरू असो वा मालक, किल्ली घेतानाच एक पानी नियमपत्रक द्या, त्यावर सही घ्या. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. त्यात ‘फर्निचरच्या पायांना पॅड लावावेत’ हे वाक्य घाला. आमच्या दोन सोसायट्यांत हे सुरू केल्यापासून आवाजाच्या तक्रारी बंद झाल्या नाहीत, पण पहिल्या भांडणात ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ हे वाक्य येत नाही.

पोलिसांचं. शनिवारी गाणी सुरू असतानाच ११२ ला फोन करा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. आवाज चालू असताना बीट मार्शल दारात आले तर ते स्वतः ऐकतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने त्या रात्रीपुरतं काम होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या एका प्रकरणात पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख उघड करू नका. तत्त्व चांगलं आहे. पण आठ घरांच्या विंगमध्ये फोन कोणी केला हे लिफ्ट वर पोचायच्या आत कळतं, त्यामुळे लपून राहण्यावर भिस्त ठेवू नका. खुर्चीच्या आवाजासाठी पोलिसांना बोलावू नका. ते आले की घर शांत असतं, तुम्हीच खोट्या पडता, आणि पुढच्या वेळी गाडी सावकाश येते.

भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. काही वकील लगेच ते कलम सुचवतात. त्यात अडचण अशी की एका घराचा दुसऱ्या एका घराला होणारा त्रास हा ‘सार्वजनिक’ ठरवणं अवघड. गाण्यांचा त्रास विंगमधल्या चार-पाच घरांना होत असेल तर त्यांच्याही सह्या घ्या, मग बोलण्यात वजन येतं. फक्त तुम्हालाच होत असेल तर तो खाजगी उपद्रव. त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. मागता येतो हे खरं, पण दोन-तीन तारखा पडेपर्यंत वरची मुलं बंगळुरूला बदलून गेलेली असतात आणि तुम्ही नव्या कुटुंबाविरुद्ध जुना दावा घेऊन बसता. मी स्वतः आवाजासाठी कोर्टात जा असा सल्ला आजवर एकदाच दिला आहे. तिथे वरच्या घरात बेकायदा शिकवणी वर्ग आणि डान्स क्लास चालत होता, म्हणजे प्रश्न आवाजापेक्षा जागेच्या वापराचा होता.

ज्यांच्या शेजारी पेठेतल्या वाड्यासारखा जुना, पागडीचा भाडेकरू आहे त्यांच्यासाठी एक ओळ: त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव हे जागा खाली करून घेण्याचं एक कारण आहे. पण दावा घरमालकाने करायचा असतो, शेजाऱ्याने नाही. आणि तो लांबतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्या घरात काय करता येईल. सर्वांत आधी खोली बदला. सासूबाई ज्या बेडरूममध्ये झोपतात, तिच्याच वर ती मुलं काम करत असणार, कारण दोन्ही घरांचा नकाशा एकच. वर कोण कुठे बसतं हे बोलायला जाल तेव्हा बघून घ्या, आणि एक आठवडा सासूबाईंचा पलंग दुसऱ्या खोलीत टाकून पाहा. फुकट आहे आणि लगेच होतं. पलंगाचं डोकं कॉलमला किंवा सामाईक भिंतीला टेकलेलं असेल तर हातभर पुढे ओढा.

भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावू नका. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरून येणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात. गाण्यांसाठी सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या बदलून घ्या, ब्रशच्या पट्ट्या लावून पाच वर्षं झाली असतील आणि त्या झिजल्या असतील तर तिथून पाण्यासारखा आवाज आत येतो. दाराखालची फट बंद करा. खुर्चीच्या आवाजावर फॉल्स सीलिंगचा सल्ला इंटीरियरवाले हमखास देतात. साधी पीओपीची सीलिंग स्लॅबलाच लटकवलेली असते, त्यामुळे ती खुर्चीबरोबर थरथरते. स्लॅबपासून रबराने तोडलेली, आत लोकर भरलेली सीलिंग असते, तिने फरक पडतो, पण खर्च बघता मी आधी वरच्या घरात सतरंजी टाकायला पैसे देईन. हे गमतीने म्हणत नाही. एका बाईंनी वरच्या भाडेकरूंना स्वतःच्या खर्चाने सतरंजी दिली. नवऱ्याने महिनाभर टोमणे मारले, पण घोरायला लागला.

कानात घालायचे बोळे सासूबाईंना द्यायचे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रात्री त्यांना कोणी हाक मारली किंवा त्यांनी कोणाला मारली तर ऐकू जायला हवं. पंख्याचा सलग आवाज मात्र बऱ्याच जणांना मदत करतो, कारण मधूनच येणारा ठोका त्यात बुडतो.

झाडूच्या दांड्याने छत ठोकू नका. सकाळी सहाला त्यांच्या झोपेच्या वेळी स्पीकरवर भजन लावू नका. मिस्टरांच्या डोक्यात हा बेत नक्की येऊन गेला असणार, सगळ्यांच्या येतो. त्याने तुमची वही निकामी होते, कारण मग मालकाला सांगता येतं की ‘दोन्हीकडून चाललंय’.

तुम्ही लिहिलंय की ब्रोकरच्या म्हणण्याप्रमाणे करार मार्चमध्ये संपतो. हे पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य आहे आणि तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंत. मालक नूतनीकरणाचं किंवा नव्या भाडेकरूचं फेब्रुवारीत ठरवेल. म्हणजे पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे पोचलेलं हवं, आणि उत्तर आलं नाही तर आठवण महिनाअखेरीला. ही मुलं राहिली तर नव्या करारात सतरंजी, पॅड आणि रात्री १० ची अट लिहून घ्यायला सांगा. गेली तरी तेच सांगा, कारण टाइल तीच राहणार आहे आणि पुढचं कुटुंब दोन लहान मुलांचं असू शकतं. त्याआधी वही भरलेली हवी, म्हणून ती या आठवड्यातच आणा. आणि येत्या शनिवारी गाणी लागली तर मिस्टरांना वर जाऊ देऊ नका, फोन तुम्ही करा.